‘ऑल हँड्स’ : मोगलाईत ऐकलेले दोन इंग्रजी शब्द

मोगलाईतून परत आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातो : तिकडे पाहण्यासारखं आहे तरी काय? विचारणारे बहुतेक आमच्या गोदीतल्या कचेरीतले सोबती. माथेरानला जाऊन आलेले, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या खाऊन आलेले. निजामाच्या राज्यातला बीड जिल्हा म्हणजे त्यांच्या लेखी उन्हात पडलेलं माळरान. खरं सांगायचं तर जाण्यापूर्वी माझीही समजूत काही वेगळी नव्हती.

मी मालवणकडचा. वडील शिडाच्या जहाजावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, आणि मी मुंबईला बंदरात कारकुनी करतो. समुद्राचा वास नाही अशा जागी मी आयुष्यात कधी आठवडाभर राहिलो नव्हतो. पण आमच्याच गावचा दिगंबर, माझा शाळेतला मित्र, नगरला मामाकडे शिकून पुढे मोगलाईत गेला आणि केजला वकिली करू लागला. “एकदा ये, आमची भाकरी खा,” असं त्याचं वर्षानुवर्षांचं टुमणं होतं. १९१८ साली संपलेल्या लढाईला दोनेक वर्षं झाली होती, बंदरातली धांदल कमी झाली होती. या दिवाळीनंतर रजा मिळाली आणि मी निघालो.

नाका

नगरपर्यंत आगगाडी, तिथून पाथर्डीपर्यंत टांगा. पाथर्डीला दिगंबररावाने पाठवलेली बैलगाडी उभी होती. गाडीवान बाबूमिया, पिकलेल्या दाढीचा, सावकाश बोलणारा माणूस. बैलांशी तो दखनीत बोले आणि माझ्याशी मराठीत.

इंग्रजी हद्द संपून निजामाची हद्द लागते तिथे करोडगिरीचा नाका आहे. जकातीच्या शिपायाने माझी ट्रंक उघडायला लावली. वर कपडे, मध्ये पुस्तकं, आणि तळाशी आईने दिगंबररावासाठी दिलेलं सुक्या बोंबलांचं गाठोडं. शिपायाने ते सोडलं आणि एक पाऊल मागे सरला.

“हे कोन्तं जनावर म्हनायचं?”

“मासे आहेत. वाळवलेले.”

“वाळीवलेत का मरून पडलेत?”

त्याने आतल्या जमादाराला हाक मारली. जमादार आला, वाकला, आणि नाकाला रुमाल लावून “बंद करो, बंद करो!” म्हणत तसाच आत गेला. बाकीचं सामान कुणी पाहिलंच नाही. पुढे गेल्यावर बाबूमिया म्हणाला, “साहेब, रेशमाचं ठान न्यायचं असलं तर ह्याच्या खाली घालून न्यावं.” मात्र ते गाठोडं त्याने गाडीच्या मागच्या टोकाला टांगलं आणि बीडपर्यंत तिथून हलू दिलं नाही.

शिरूर

बीडच्या वाटेवर शिरूरला मुक्काम. मुलूख कोरडा. लाल-काळी माती, बाभळी, दूरवर पसरलेले माळ. आमच्याकडे डोंगर उतरला की खाडी दिसते. इथे डोंगर उतरला की पुन्हा माळ. पहिल्या दिवशी मला ते उदास वाटलं. दुसऱ्या सकाळी उन्हं कोवळी असताना त्याच माळावर करडईची हिरवी रोपं आणि मेंढरांचे पांढरे ठिपके पाहिले, आणि माझं मत थोडं बदललं.

बाबूमियाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या घरी जेवण झालं. बाजरीची भाकरी, येसराची आमटी, कांदा आणि तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते घातलेली आमटी इतकी झणझणीत की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी मी पुन्हा मागितली. दोन दिवस भात पोटात गेला नव्हता, म्हणून संकोचत विचारलं, थोडा भात मिळेल का? घरधनीण उठली, आणि तिने बाबूमियाला हळूच विचारलेलं मला ऐकू आलं, “पाव्हन्याला बरं न्हाई का? आदी सांगायचं की. तिखट कावून खाऊ दिलं मंग?” त्या मुलखात भात हे आजाऱ्याचं अन्न. मी लगेच बरा झालो.

बीड

बीडला दिगंबरराव स्वतः आला होता. त्याचं कोर्टात काम होतं. दुकानांच्या पाट्या उर्दू, कोर्टाचे कागद उर्दू, आणि आमचा मालवणचा दिगंबर उजवीकडून डावीकडे झरझर लिहितो आहे, हे पाहून मला गंमत वाटली. बोंबलांचं गाठोडं त्याने छातीशी धरलं. “तू आला नसतास आणि नुसतं हे आलं असतं तरी चाललं असतं,” म्हणाला.

संध्याकाळी त्याने मला पाण्यातलं शंकराचं देऊळ दाखवलं. चारी बाजूंनी तळं, मधे काळ्या दगडाचं देऊळ. इतक्या दिवसांनी ऐसपैस पाणी पाहून मी पायरीवरून उठेना. दिगंबरराव म्हणाला, “उद्या कपिलधारेला चल. पौर्णिमेची जत्रा आहे, आणि केजच्या वाटेवरच आहे. तिथे पडतं पाणी बघ.”

कपिलधार

माळावरून जाताना वाटतही नाही की पुढे अशी दरी असेल. जमीन एकाएकी खाली जाते, झाडी दाट होते, आणि पाण्याचा आवाज येतो. पावसाळा सरून फार दिवस झाले नव्हते, धार भरघोस पडत होती. खाली समाधीचं देऊळ, गळ्यात लिंग बांधलेल्या बायाबापड्यांच्या रांगा, नारळ, बुक्का, माकडं. एका माकडाने माझी टोपी नेली आणि चाखून पाहून परत टाकली.

दरीत उतरणाऱ्या वाटेच्या कडेला भिकारी बसले होते. आंधळे, पांगळे, महारोगी. त्यांच्यामधून एक बाई चालत होती. वय पंचविशीच्या आसपास, काळं लुगडं, हातात पितळी. पितळीत दुधात कुस्करलेली भाकरी. येणाजाणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या तोंडाकडे न बघता ती आधी त्याच्या हातांकडे बघत होती. दोन्ही हात नसलेला एक माणूस दिसला, तशी ती त्याच्यासमोर बसली आणि त्याला घास भरवू लागली.

“कुठलं तुमी? मुंबईला व्हता का कंदी? जहाजावर?”

“न्हाई बाई. जिनात गेले हात. सरकी काढायच्या मशिनीत.”

“बरं. खावा.”

सगळी पितळी त्याला भरवून, त्याचं तोंड पदराने पुसून ती उठली.

त्या कोरड्या मुलखात ‘जहाज’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला होता. मी दिगंबररावाकडे पाहिलं.

“ही हौसा,” तो म्हणाला. “आमच्या केजकडची. मांजरेच्या काठी धनगरांची वाडी आहे, तिथली. हिचा नवरा बिरू. दुष्काळात मेंढरं मेली तेव्हा मुंबईला गेला. गोदीत कोळसा वाहिला आणि लढाईच्या दिवसांत जहाजावर चढला. तिथे म्हणे त्याचे दोन्ही हात गेले. तो लाजेने घरी येत नाही असं हिला वाटतं. म्हणून दर जत्रेला येते आणि थोट्या माणसांत त्याला शोधते. हिचे भाऊ माझ्याकडे सल्ल्याला आले होते. चांगलं स्थळ आलंय, पाट लावून द्यायचा म्हणतात. पण ही म्हणते, नवरा जिवंत असताना, त्याला हात नसताना, मी दुसऱ्याचं घर धरू? त्याला कोण भरवील?”

“हात गेल्याचं कळवलं कुणी?”

“तो दीर आहे ना, म्हाळू, तो मुंबईला जाऊन आला. त्यालाच विचार.”

म्हाळू वाटेच्या कडेला घोंगडी टाकून बसला होता. उंच, सावळा, तोलून बोलणारा. मी बंदरात कामाला आहे असं कळताच तो उठून उभा राहिला.

“मी गेलतो सायब. लई हिंडलो. शेवटी त्या जहाजाचं हापिस घावलं. एका गोऱ्या सायबाम्होरं उभं केलं मला. त्यानं विंग्रजीत सांगितलं. म्या ते घोकलं, मंग दारावरच्या पट्टेवाल्याला इचारलं, त्याला येत हुतं थोडं. रस्ताभर घोकत आलो, म्हून आजून ध्यानात हाय.” त्याने डोळे मिटले आणि एकेक शब्द ठेवल्यासारखा उच्चारला, “लास. वीत. आल. ह्यान्स.”

धबधब्याचा आवाज चालूच होता.

“पट्टेवाल्यानं फोड करून सांगितली,” म्हाळू पुढे म्हणाला. “लास म्हंजी गेले. आल म्हंजी सगळे. ह्यान्स म्हंजी हात. दोनी हात गेले.”

लॉस्ट वुइथ ऑल हँड्स. लढाईच्या वर्षांत आमच्या कचेरीत हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले होते की लेखणी आपोआप ते गिरवायची. एकेका शब्दाचा अर्थ पट्टेवाल्याने बरोबरच सांगितला होता. पण जहाजावर ‘हँड’ म्हणजे माणूस. ऑल हँड्ससकट जहाज गेलं, म्हणजे त्यावरचा एकही माणूस वाचला नाही.

मी काहीतरी पुटपुटलो आणि दिगंबररावाला बाजूला नेलं. त्याला अर्थ सांगताच त्याचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ‘हात गेले’ एवढंच त्याच्या कानावर आलं होतं, मूळ शब्द त्याला कुणी कधी म्हणून दाखवलेच नव्हते.

“सांगू नकोस,” तो म्हणाला.

“का?”

“तू चार दिवसांचा पाहुणा. ती ज्या आशेवर उभी आहे ती काढून घेशील आणि मुंबईची गाडी धरशील. मागे आम्ही आहोत.”

“आणि ती म्हातारी होईपर्यंत थोट्यांना भरवत फिरेल, ते चालेल?”

“मला माहीत नाही,” कोर्टात कधी न अडणारा दिगंबरराव म्हणाला.

केजची वाट

त्यांचीही वाट तीच, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही हौसाला गाडीत घेतलं. म्हाळू बैलांबरोबर पायी चालला. गाडीत ती माझ्याशी फारसं बोलली नाही. मेंढराला कोणत्या चाऱ्याने दूध येतं, कोकणात मेंढरं का नाहीत, एवढंच. पावसात त्यांचे खूर कुजतात, असं मी सांगितल्यावर तिला आमच्या मुलखाची कीव आलेली दिसली.

उन्हं चढल्यावर एका विहिरीजवळ चिंचेखाली गाडी सोडली. म्हाळू बैलांसाठी पाणी शेंदत होता. बाबूमियाने बिडी पेटवली. हौसाने फडकं सोडून आम्हा सगळ्यांना भाकरी आणि लसणाचा ठेचा दिला आणि मग माझ्यासमोर येऊन बसली.

“दादा, तुमी जहाजाच्या हापिसात हाव म्हनं. मंग एक सांगा. हात गेलेल्या मान्साला ते कुठं ठिवत्यात? दवाखाना आसंल, धरमसाळा आसंल. जागा सांगा, मी जाते.”

मी दिगंबररावाकडे पाहिलं. त्याने मान वळवली, पण नको अशी खूण केली नाही.

“बाई,” मी म्हणालो, “तुमच्या दिराने शब्द बरोबर आणले. काही चुकलं नाही त्याचं. पण जहाजावरची बोली वेगळी असते. तिथे माणसाला हात म्हणतात.”

“म्हंजी?”

“वादळ आलं, आग लागली, की कप्तान सगळ्यांना वर बोलावतो. तेव्हा तो ओरडतो, ऑल हँड्स. मग कोळसेवाला, स्वयंपाकी, सुकाणू धरणारा, जो असेल तो धावत वर येतो. सगळे हात म्हणजे सगळी माणसं.”

तिने थोडा विचार केला. “आमी न्हाई का म्हनत, लोकर कातरायला हात कमी पडले? तसं?”

“अगदी तसं.”

“मंग सगळे हात गेले, म्हंजी...”

विहिरीवर पोहऱ्याचा दोर म्हाळूच्या हातातून सुटला आणि पोहरा खाली आपटल्याचा आवाज आला.

“सगळी?” तिने विचारलं.

“सगळी. पाण्यात सुरुंग पेरले होते त्या वेळी. जहाज त्यावर गेलं की फार वेळ लागत नसे.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती आपल्या तळहातांकडे बघत बसली. तशीच म्हणाली, “मंग हात हुते त्याला.”

“हो.”

“शेवटपत्तर?”

“शेवटपर्यंत.”

“मी जेवाया बसले की घास उतरायचा न्हाई, दादा. वाटायचं, त्याला आत्ता कोन भरवीत आसंल? का कुत्र्यावानी तोंड घालून खात आसंल? माशी बसली तर कोन हाकलीत आसंल? रोज हेच. रोज.” तिचा आवाज फुटला. “कुनाच्या दारात बसला न्हाई तर त्यो. न्हाई बसला.”

मग ती रडली. चिंचेच्या खोडाला कपाळ टेकून, मोठ्याने, अंग हलवून रडली. बाबूमियाने बिडी विझवली.

म्हाळू विहिरीवरून आला आणि तिच्यापासून दोन हात अंतरावर उकिडवा बसला. “वैनी, मला शंका आलती. त्यो सायब सांगताना उठून उभा ऱ्हायला हुता. टोपी काढली त्यानं. हात गेल्यावर कुनी टोपी काढतं का, असं गाडीत बसल्यावर मनात आलं. पन त्या पट्टेवाल्यानं हात म्हनलं, आन् मी तेच धरून बसलो. जित्ता हाय म्हनायला बरं वाटत हुतं.”

तिने तोंड पुसलं. “तुमी खोटं न्हाई बोललाव, भावजी. आनलं तसं सांगितलं.”

पुढचा रस्ता ती गाडीत बसली नाही. दिराबरोबर, त्याच्या चार पावलं मागे, चालत आली. वाडी दिसू लागल्यावर मात्र जवळ येऊन तिने मला विचारलं, “त्याच्या संगट आनखी कोन कोन हुतं, दादा?”

त्या जहाजाचा कागद मी पाहिलेला नव्हता. पण अशा जहाजांवर कोण असतं ते मला ठाऊक होतं, ते सांगितलं. आमच्या कोकणातले मुसलमान खलाशी, गोव्याचे स्वयंपाकी, पंजाबकडचे भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले, वर दोन-चार गोरे आणि कप्तान.

“त्यांच्या घरला कुनी नीट सांगितलं आसंल का?”



मांजरेच्या काठी

केजला मी दिगंबररावाकडे राहिलो. बोंबील भाजले, आणि शेजारी राहणाऱ्या कोर्टाच्या मुन्सिफाने नोकर पाठवून काय जळतंय याची चौकशी केली. पण मन वाडीकडे होतं. तिसऱ्या दिवशी म्हाळू बोलवायला आला. बिरूचे दिवस करायचे होते. देह नाही, तेव्हा दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा असं ठरलं होतं. आम्ही बाबूमियाची गाडी जोडून गेलो.

मांजरा त्या दिवसांत गुडघाभर, स्वच्छ, वाळूवरून वाहणारी. काठावर वाडीची माणसं, हौसाचे दोघे भाऊ, केजहून आणलेले भटजी. हौसाच्या हातांत बांगड्या नव्हत्या. तिच्या भावांनी सकाळी पुन्हा पाटाचा विषय काढला होता. नेहमीसारखी ती उठून गेली नाही, “वरीस जाऊ द्या, मंग बगू,” एवढं म्हणाली, असं म्हाळूने मला सांगितलं.

पुतळ्याला अग्नी दिला. म्हाळूने पिंड ठेवले. भटजी उठणार तेवढ्यात हौसा पुढे झाली.

“त्याच्या संगट बुडाले त्यांचंबी ठिवा.”

“नावं? गोत्रं?” भटजींनी विचारलं.

“ठाव न्हाईत.”

भटजी वृद्ध होते. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. “ज्यांचं कुणी नाही, ज्यांचं नाव ठाऊक नाही, त्यांच्यासाठीही पिंड असतो. धर्मपिंड म्हणतात. दे भात.”

“मुसलमानबी हुते म्हनं त्यात,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

बाबूमिया आतापर्यंत बैलांपाशी उभा होता. कुणी त्याला सांगितलं नाही. तो पाण्याशी गेला, हातपाय धुतले, तोंड धुतलं, आणि पश्चिमेकडे तोंड करून दोन्ही तळवे उघडे धरून पुटपुटू लागला. भटजी थांबले. त्याचं झालं, त्याने तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि तो आपल्या बैलांकडे परतला.

“आन् त्यो कप्तान सायब?” हौसाने विचारलं. “त्याचं कोन करनार?”

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

“मला?” मी म्हणालो. “मी काही पाद्री नाही.”

“तुमाला विंग्रजी येतं,” ती म्हणाली. “त्याला कळंल आसं कायतरी म्हना.”

मी धोतर खोचून पाण्यात उतरलो. लहानपणी रत्नागिरीच्या मिशनच्या शाळेत वर्षभर होतो, तिथे रोज सकाळी एक इंग्रजी प्रार्थना म्हणवून घेत. तेव्हा ती पोपटासारखी म्हणत असू. ती आठवून मी सुरुवात केली. पाणी थंड होतं, पायाखालची वाळू सरकत होती. कधी न पाहिलेल्या कप्तानासाठी, समुद्रापासून इतक्या लांब, धनगरांच्या वाडीसमोर मी मोठ्याने इंग्रजी बोलत होतो, आणि ती माणसं टोप्या-पागोटी काढून ऐकत होती. अर्ध्यापर्यंत नीट आलो. मग एका ओळीशी अडलो. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडलो. पुढचं काही केल्या आठवेना.

हौसा पाण्यात दोन पावलं आली.

“आसू द्या, दादा,” ती म्हणाली. “पोचलं त्यास्नी.”

मग तिने वळून काठावरच्या सगळ्यांना हाक दिली, आणि जेवायला बसा म्हणाली.